स्टॉपवॉचसमोरची अक्का

मी कॉलेजात नेमकं काय शिकते, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. अण्णा, म्हणजे माझे वडील, कपडे शिवत. बेंगळुरात श्रीरामपुऱ्यातल्या गल्लीत पुढे त्यांचं दुकान आणि मागे आमचं घर. गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावून ते अभिमानाने सांगत, "मंजू म्यानेजमेंट शिकतेय." गिऱ्हाईक विचारी, म्हणजे काय? मग अण्णा टेप गळ्यात टाकत, जरा विचार करत आणि म्हणत, "ब्यांकेतलं काहीतरी असतंय," आणि घाईने छातीच्या मापाकडे वळत. आईचं म्हणणं, एवढी फी भरून म्यानेज करायला शिकायचं, त्यापेक्षा दोन महिने माझ्या हाताखाली राहिली असतीस तर फुकटात झालं असतं. अक्काला विचारलं तर मात्र ती ठामपणे सांगे, "मोठं व्हायचं शिकतेय ती." तिच्या आवाजात असं काही असे की पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. मीही विचारला नाही. बीबीएमच्या पुस्तकांत मोठं व्हायचा धडा कितव्या पानावर आहे हे मला अजून सापडायचं होतं.

अक्का म्हणजे माझी आत्या. अण्णांची थोरली बहीण, म्हणून अण्णा तिला अक्का म्हणत, मग आई म्हणू लागली, मग मी, मग भाजीवाला आणि गल्लीतली पोरंटोरंसुद्धा. बेंगळुरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांत नाती मराठी असली तरी हाका कानडीच. आमचं मराठी ऐकून पुण्याहून आलेले पाहुणे तोंडावर रुमाल धरत. तिने लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे आमच्याकडे विचारायची पद्धत नव्हती आणि तिनेही आपण होऊन कधी सांगितलं नाही. ती पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात कामाला होती. तिथे ट्यूबलाइटचे चोक बनत. आता हा शब्दही पोरांना सांगावा लागतो. ट्यूबच्या पट्टीत एक जड ठोकळा असायचा, संध्याकाळी दिवा लावला की बारीक गुणगुणायचा, तो चोक. त्याच्या पोटात तांब्याच्या केसासारख्या तारेचं गुंडाळं असायचं. ते गुंडाळं मशीनवर भरायचं काम अक्का मी जन्मायच्या आधीपासून करत आली होती. आज माझ्या घरात एकही चोक नाही, शेजाऱ्यांकडे नाही, दुकानातही मिळायचा नाही. तिच्या हातचं काम या शहरातून असं पुसून गेलं याचं मला अधूनमधून फार वाईट वाटतं, आणि ज्याला सांगावं त्याला ते कळत नाही.

सकाळी आमच्याकडे सगळे आवाज ठरल्याप्रमाणे येत. आधी नळाखाली घागर, मग रेडिओवरच्या कन्नड बातम्या, मग अण्णांच्या मशीनची पहिली खडखड आणि त्या खडखडीवर आईचं "कॉफी निवतेय" हे ओरडणं. अक्का या सगळ्यात सावकाश फिरत असे. सावकाश हा शब्द मी जपून वापरतेय. ती आळशी नव्हती, तिला कशाचीच घाई नव्हती. वेणी घालताना प्रत्येक पेड हातातून काढून बघे. निऱ्या तिच्या मनासारख्या पडल्या नाहीत तर बस सुटली तरी चालेल, पुन्हा घाले. पितळेच्या पेल्यातून वाटीत आणि वाटीतून पेल्यात कॉफी ओतताना ती फेसाकडे असं टक लावून बघे की आई वैतागून म्हणायची, "अहो अक्का, प्या की आता, ती काय बोलणार आहे तुमच्याशी?" डब्यात पोळी, शेंगदाण्याची चटणी आणि कालवलेला भात. संध्याकाळी तोच डबा परत येताना त्यात भलतंच काही असे. कारखान्यातल्या जयम्माकडची मुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, आणि आमटीसारखं सारू, कुणाकडचं चित्रान्न, कुणाच्या घरच्या सणाचं ओबट्टू, म्हणजे पुरणपोळी. कारखान्यातल्या बायका डबे उघडून मधे ठेवत आणि प्रत्येकीच्या डब्यात उरलेलं कुणाचंही घरी जाई. माझं अर्धं बालपण त्या उरलेल्या घासांवर झालंय. शाळेतून आल्यावर मी आधी अक्काची पिशवी उघडत असे, मग पाय धूत असे.

शेवटच्या वर्षी आम्हाला कामाचं मोजमाप हा विषय होता. शिकवायला एक सर होते, आधी कारखान्यात नोकरी केलेले, इंग्रजीत शिकवायचे आणि कन्नडात रागवायचे. ते सांगत, घड्याळ फक्त वेळ सांगतं. समोरचा माणूस रोजच्या गतीने करतोय, मुद्दाम रेंगाळतोय की जीव तोडून करतोय, ते घड्याळाला कळत नाही. ते तुम्ही बघायचं आणि त्याप्रमाणे वेळ कमीजास्त करायचा, त्याला रेटिंग म्हणायचं. ही नजर तयार व्हावी म्हणून ते आम्हाला व्हरांड्यात उभं करून येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल जोखायला लावत. दुसरा सराव पत्ते वाटण्याचा. एकाने वाटायचे, दुसऱ्याने घड्याळ लावून बघायचं. तो सराव मी घरी करायला घेतला तेव्हा अण्णा दुकानातून धावत आले. "घरात पत्ते? देवाच्या खोलीसमोर?" मी म्हटलं, अभ्यास आहे. अण्णांनी आईकडे पाहिलं, आईने छताकडे पाहिलं. अक्का मात्र पदर खोचून माझ्यासमोर बसली. "सरांनी सांगितलंय तर करू दे की. आण इकडं, मी वाटते." तिने प्रत्येक पत्ता नीट सरळ करून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवला. झाल्यावर तिने विचारलं, "कसं झालं? तुला मार्क पडतील का याच्यावर?" मी गमतीने म्हटलं, "या वेगाने मी नापास." ती एकदम गंभीर झाली. "अय्यो, आधी नाही का सांगायचं? परत दे." दुसऱ्या वेळी तिने इतक्या झटक्याने वाटले की चौकटची राणी कॉटखाली गेली. आम्ही दोघी पोट धरून हसलो. माझी ती नापासाची गंमत पुढे अशी अंगाशी येईल हे मला काय माहीत.

परीक्षेसाठी खऱ्या कारखान्यात जाऊन एका कामाचं माप घ्यायचं होतं. माझ्या वर्गातल्या मुलींचे मामा, काका कुठे ना कुठे साहेब होते. माझी अक्का कामगार होती, पण परवानगी तिनेच मिळवली. इतक्या वर्षांत तिने साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. माझ्यासाठी ती गेली. मॅनेजर चांगला माणूस होता, सतत घाईत असलेला. कॉलेजची मुलगी येऊन माप घेणार हे त्याच्या पथ्यावरच पडलं, कारण नव्या ऑर्डरसाठी त्याला वाइंडिंगचं, म्हणजे तार भरायच्या कामाचं, टार्गेट ठरवायचंच होतं. मी गेले तेव्हा तो म्हणाला, "सगळ्यांत जुनी तुमची आत्याच आहे. तिचंच घ्या." मलाही बरं वाटलं. अनोळखी बाईसमोर स्टॉपवॉच घेऊन उभं राहायची मला धास्ती होती.

त्या दिवशी अक्काने लग्नाकार्याला नेसायची मोरपंखी साडी नेसली होती. केसांत अबोलीचा गजरा. बसमध्ये तिने तीनदा माझी पिशवी तपासली, घड्याळ आहे ना, पेन आहे ना. कारखान्यात शिरल्याबरोबर वार्निशचा उग्र वास नाकात गेला. तो वास मला घरचा वाटला, कारण तो तिच्या साड्यांना असायचाच. ती आपल्या मशीनवर बसली, मी फळीला घड्याळ लावून समोर उभी राहिले. शेजारच्या मशीनवरची जयम्मा आधी माझ्याकडे बघून हसली, मग तिने अक्काकडे बघून भुवया जरा वर केल्या. मला त्याचा अर्थ कळला नाही. अक्काने तार गुंडाळायची रिकामी बॉबिन चढवली, तारेचं टोक अडकवलं, पायाने मशीन चालू केलं, आणि मग मी जे पाहिलं ते मी घरी कधीही पाहिलं नव्हतं. तिचे हात दिसेनासे झाले. बॉबिन चढते आहे, तार भरते आहे, कट, पट्टी, खाली, दुसरी. मान वर नाही, पदर सावरणं नाही, शेजारणीशी एक शब्द नाही. कपाळावरून घाम ओघळून कुंकू पसरलं तरी तिने हात लावला नाही. मधेच एकदा तिने माझ्याकडे चोरून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की मी घड्याळातला पुढचा आकडा लिहायचा विसरले. मॅनेजर माझ्या खांद्यावरून डोकावला, माझ्या कागदावरचे आकडे त्याने आपल्या कागदावर घेतले, "व्हेरी गुड" म्हणाला आणि गेला. मी अजून रेटिंग दिलंच नव्हतं. ते घरी बसून शांतपणे करायचं असं मी ठरवलं होतं. घरी येताना अक्का बसची दांडी दोन्ही हातांनी धरून उभी होती. "बरं झालं ना गं?" तिने विचारलं. "फर्स्ट क्लास येईल ना?"

पुढच्या सोमवारी त्या कारखान्याच्या फळ्यावर नवं टार्गेट लागलं. अक्काच्या त्या एका दिवसाच्या वेगाने प्रत्येकीने रोज काम करायचं. हे मला कुणी सांगितलं नाही. मला दिसलं ते एवढंच की संध्याकाळी डब्यात आमचीच पोळी आणि आमचीच चटणी परत येऊ लागली. आई म्हणाली, "अक्का, जेवत का नाही?" ती म्हणाली, भूक नव्हती. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पिशवी उघडली तेव्हा डबा रिकामा होता, पण त्यात दुसऱ्या कुणाच्या घरचा वासही नव्हता. तिने एकटीने बसून सगळं संपवलं होतं, आम्ही विचारू नये म्हणून.

शनिवारी जयम्मा अण्णांच्या दुकानात आली. तिचे ब्लाऊज वर्षानुवर्षं अण्णाच शिवत. अण्णांना वाटलं, झाला का विचारायला आली. ती म्हणाली, शिवला नसेल तर कापड परत द्या. अण्णांनी कापड घडी करून दिलं आणि मशीनवर जाऊन बसले, पण पाय काही चालेनात. मी तिच्या मागून गल्लीच्या तोंडापर्यंत गेले. ती कन्नडात बोलली, मी इथे मराठीत लिहिते. "कॉलेजात शिकतेस ना? मग कळलं नाही तुला? घड्याळ समोर आलं की हात सांभाळून चालवायचा हे आम्ही तुझ्या अक्काला आदल्या दिवशी सांगितलं होतं. ती हो म्हणाली होती. आणि मग गजरा माळून आली आणि आमच्या सगळ्यांच्या मानेवर सुरी फिरवली. आता सुट्टीची घंटा झाली तरी उठता येत नाही आम्हाला. तिलाही येत नाही." मी म्हटलं, ती माझ्यासाठी... जयम्मा मधेच म्हणाली, "ते दिसतंच आहे की. म्हणून तर भांडता पण येत नाही तिच्याशी." आणि डोळे पुसत निघून गेली.

रविवारी दुपारी मागच्या पडवीत आम्ही हिदकबेळे सोलायला बसलो. थंडीत बेंगळुरात अवरेकाळूच्या शेंगांचा नुसता सुकाळ असतो. पावट्यासारखे ते दाणे रात्री भिजत घालायचे आणि दुसऱ्या दिवशी एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून पुढे उडवायचा, की झालं हिदकबेळे. मग त्याचं सारू. एरवी या कामाला अक्का म्हणजे रंगात येई, दाणे उडवत उडवत गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करी. त्या दिवशी ती एकही नक्कल न करता डाव्या हाताने सोलत होती. मी तिचा उजवा हात ओढून बघितला. तर्जनीवर तारेने आडवे काप पडले होते, काही ताजे. मी विचारलं, "हे काय?"

"तार लागते. नेहमीचंच आहे की."

"नेहमीचं नाही. अक्का, त्या दिवशी तू रोजच्यासारखं काम केलं नाहीस."

"चांगलं केलं की."

"तेच म्हणते मी. तसं रोज होणार आहे का?"

"होतंय की. करतेच आहे मी. तुझी ती मापांची वही सरांना देऊन टाक आधी. मग बघू काय ते."

"मी उद्या मॅनेजरना सांगणार आहे, ते माप खरं नाही म्हणून."

तिच्या हातातला दाणा तसाच राहिला. अक्का रागावलेली मी फार थोड्या वेळा पाहिली आहे, आणि माझ्यावर तर कधीच नाही. "खरं नाही? हात माझे होते, डोळे तुझे होते, घड्याळ चालू होतं. खोटं काय होतं त्यात, सांग की." मग तिचा आवाज उतरला. "इतकी वर्षं त्या मशीनवर बसलेय मंजू. काम बिघडलं की येतात बघायला. नीट चाललं असताना समोर उभं राहून कुणी बघितलं नाही कधी. त्या दिवशी तू बघत होतीस, लिहीत होतीस. मला वाटलं, दाखवू या पोरीला." ती पुन्हा सोलायला लागली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडले. ती म्हणाली, "दाण्यात पाणी पाडू नको," आणि तिचेही डोळे भरले होते.

सोमवारी सकाळी मी आधी सरांकडे गेले. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला. नात्यातल्या माणसाचं माप घेऊ नये असं पुस्तकात का लिहिलेलं नाही कोण जाणे, असं काहीतरी पुटपुटले. मग म्हणाले, "रेटिंग दे. ती घाईत होती हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? पण मॅनेजर तुझा शब्द धरणार नाही. तू तिची भाची. तो तिला विचारील. तिने सांगितलं तर होईल, नाहीतर नाही." मला हेच नको होतं. ती सांगणार नाही हे मला माहीत होतं. आणि सांगितलं, तर तिच्या एका चांगल्या दिवसावर तिनेच पाणी सोडल्यासारखं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबरच बसमध्ये चढले. कुठे येतेस म्हणून तिने विचारलं नाही. यशवंतपूरला बाजारातले हमाल कांद्याची पोती घेऊन चढले, त्या गर्दीत आम्ही एकमेकींना चिकटून उभ्या राहिलो. पीण्याला उतरल्यावर ती म्हणाली, "तुला काय सांगायचं ते सांग. मला मधे ओढू नको." आणि पुढे निघून गेली. तिच्या पाठमोऱ्या चालीत रोजचा सावकाशपणा नव्हता. नव्या टार्गेटने तो पायांतूनही काढून घेतला होता.

मॅनेजरने माझं सगळं ऐकून घेतलं. रेटिंग, नेहमीची गती, सगळं मी पाठ केल्यासारखं बोलले. तो म्हणाला, "पण तुमची आत्या आजही तेवढं काम देते आहे. रोज देते आहे. मग ती तिची नेहमीचीच गती नाही का?" त्याच्या बाजूने पाहिलं तर बिनतोड होतं. मग सर म्हणाले होते तसंच झालं. त्याने शिपायाला पाठवून अक्काला बोलावलं. ती आली, दाराशीच उभी राहिली, खुर्ची दाखवली तरी बसली नाही. त्याने कन्नडात विचारलं, "तुमची भाची म्हणते, त्या दिवशी तुम्ही रोजच्यापेक्षा जास्त भरभर केलंत. हे खरं आहे का?"

अक्काने मान वळवली. केबिनच्या काचेतून वाइंडिंगच्या बायका दिसत होत्या, मान खाली घातलेल्या. जयम्माने एकदा इकडे बघितलं आणि पुन्हा तार ओढली. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, नाही म्हटलंस तरी चालेल, मी तुझीच आहे. मग तिने उजवा हात पदराखालून काढला आणि साहेबाच्या टेबलावर, कागदांच्या मधे, बोटं पसरून ठेवला. "सार, त्या दिवशी आमच्या घरी लग्न होतं असं समजा," ती म्हणाली. "लग्नात बायका दिवसभर पंगती वाढतात. पाय दुखत नाहीत, भूक लागत नाही. दुसऱ्या दिवशीपासून रोज तसंच वाढ म्हटलं तर कोण वाढेल? माझी पोर पहिल्यांदा मला बघायला आली होती. म्हणून केलं. खोटं नव्हतं ते. पण रोजचं पण नव्हतं." तिने हात परत घेतला. "त्या बायकांना का म्हणून? त्यांच्या घरी लग्न नव्हतं."

मॅनेजर तिच्या बोटाकडे बघत राहिला. तो वाईट माणूस नव्हता, हे मी आधी लिहिलंच आहे. त्याने माझ्याकडे वळून एवढंच सांगितलं, परत माप घ्या, सगळ्यांचं घ्या, आठवडाभर येऊन घ्या. फळ्यावरचा आकडा त्याने त्या दिवशी पुसला नाही. आठवड्यानंतर पुसला, आणि नवा लावला तो पहिल्यापेक्षा थोडा जास्त आणि मधल्यापेक्षा बराच कमी होता. बायका जरा कुरकुरल्या आणि मग कामाला लागल्या. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं, रेटिंग कशाच्या आधारावर दिलंत? मी सांगितलं, जन्मापासून बघतेय. ते हसले. सर हसले नाहीत, त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. पुढे मी याच विषयात नोकऱ्या केल्या, बोम्मसंद्र्यापासून होसूरपर्यंत कितीतरी कारखान्यांत माणसांची कामं मोजली, आणि आता तर माणसं मनगटावर यंत्र बांधून स्वतःच स्वतःला मोजतात. पण माझं शिक्षण झालं ते त्या आठवड्यात. तेवढ्यापुरतं मी अक्काचं म्हणणं मान्य करते, की मी मोठं व्हायचं शिकत होते.

त्या आठवड्यात मी एकेका मशीनसमोर उभी राहिले. जयम्मा पहिल्या दिवशी माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपला डबा उचलला आणि अक्का एकटी बसायची तिथे आणून आदळला. "बघ काय वास येतोय तुझ्या चटणीला," असं काहीतरी म्हणत तिने अक्काच्या डब्यातली पोळी तोडली. अक्काने मुकाट्याने तिच्या डब्यातली मुद्दे घेतली. मी दुसरीकडे बघत उभी राहिले, माझे डोळे त्यांना दिसू नयेत म्हणून.

अक्काची पाळी शेवटच्या दिवशी आली. रोजची फिकट साडी, केसांत काही नाही. तिने बॉबिन चढवली, तार लावली, मशीन चालू केलं. मी घड्याळ दाबलं. तिने एक बॉबिन भरली, उचलून उजेडात धरली, वळवून वळवून पाहिली, आणि मगच खाली ठेवली. घरी कॉफीच्या फेसाकडे बघायची तशी. दुसरी भरून झाल्यावर ती थांबली, दुखरं बोट तोंडात घातलं, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. मग माझ्या कागदाकडे मान वळवली.

"लिहिलंस?"

"काय?"

"थांबले ते."

"लिहिते."

तिसऱ्या बॉबिनच्या आधी तिने मशीन बंद केलं, खालची बाटली घेतली आणि वर करून पाणी प्यायला लागली. अर्ध्यात थांबून, ओले ओठ तसेच ठेवून, सगळ्या खात्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मंजू, पाणी पितेय. हे पण लिही."

बायका हसल्या. जयम्मा सगळ्यांत मोठ्याने हसली. अक्का सावकाश पाणी प्यायली, पदराने तोंड पुसलं, जयम्माला कुणाचीतरी नक्कल करून दाखवली, आणि मी घड्याळ चालूच ठेवून ते सगळं लिहून घेतलं.